प्रभागाची रेघ इमारतीतून का जाते, आणि ती हलवायची कशी

प्रश्न एका गृहसंकुलाच्या सचिवांचा आहे. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत त्यांच्या प्रभागात जुन्या शहरातल्या प्रभागापेक्षा कितीतरी जास्त मतदार होते, नगरसेवक मात्र दोन्हीकडे चारच. त्यांच्या संकुलाच्या दोन इमारती एका प्रभागात गेल्या आणि बाकीच्या दुसऱ्यात. अडीचशे सह्यांची हरकत दिली, सुनावणीला वीस जण गेले, तरी रेघ तसूभर हलली नाही. हे मुद्दाम केलं गेलं का, आणि पुढच्या वेळी काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी एका महापालिकेत अभियंता होते. २००२, २००७, २०१२ आणि २०१७ या चारही निवडणुकांच्या प्रभाग रचनेत मी नकाशावर बसले आहे, आणि निवृत्तीनंतर लोकांना हरकती लिहून देते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची मुळं वेगळी आहेत. मतदारांची संख्या विषम असण्याची तक्रार हरकतीने सुटणारी नव्हती. इमारतींची तक्रार सुटू शकली असती, पण तुमच्या अर्जात त्यासाठी लागणारी एक ओळ नव्हती. ती कोणती, हे कळण्यासाठी रचना कशी होते ते पाहावं लागेल.

सुरुवात नकाशापासून होत नाही, आकड्यापासून होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात लोकसंख्येनुसार नगरसेवकांची संख्या ठरवून दिली आहे. १२ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला किमान ११५ नगरसेवक, आणि त्यापुढच्या दर ४० हजारांमागे एक जास्त. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १७,२७,६९२. बारा लाखांवरच्या ५,२७,६९२ मध्ये चाळीस हजार तेरा वेळा जातात, म्हणून ११५ अधिक १३, म्हणजे १२८. ३० लाखांवरच्या शहराला किमान १६१ आणि पुढच्या दर लाखामागे एक. पुण्यात ३४,८१,३५९ लोकसंख्या धरली, म्हणून १६५. इथे कुणाच्या मर्जीला वाव नाही, गणित कुणीही घरी करून पाहू शकतं.

मग सरासरी काढतात. पिंपरी-चिंचवडमध्ये एका नगरसेवकामागे साधारण १३,४९७ लोक येतात, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाला ५३,९९०. याच्या दहा टक्के खाली किंवा वर जायला मुभा असते. म्हणजे प्रभाग ४८,५९१ ते ५९,३८९ च्या दरम्यान कुठेही बसला तरी नियमात बसला. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा प्रभाग यांच्यात बावीस टक्क्यांचा फरक असू शकतो आणि तो कायदेशीर असतो, हे लक्षात ठेवा.

यानंतर नकाशा येतो. प्रभागाची वीट म्हणजे प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. प्रत्येक गटाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची लोकसंख्या आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या असे आकडे आमच्यापुढे असतात. शहराच्या उत्तर टोकापासून सुरुवात करायची, ईशान्येला जायचं, मग पूर्वेला, पूर्वेकडून पश्चिमेला यायचं आणि शेवट दक्षिणेला करायचा. वाटेत गटाला गट जोडत जायचं आणि बेरीज सरासरीच्या जवळ आली की रेघ मारायची. रेघ शक्यतो नदी, नाला, रेल्वेचे रूळ, मोठा रस्ता अशा जागेवरून जावी, इमारत किंवा चाळ फुटू नये, मागासवर्गीय वस्ती तुटू नये, अशा सूचना दर वेळी असतात. गट शक्यतो फोडत नाहीत, कारण फोडला की अर्ध्या गटाची लोकसंख्या अंदाजाने धरावी लागते आणि तिथेच वादाला तोंड फुटतं.

आता तुमच्या इमारतींकडे येते. तुम्ही लिहिलं आहे की संकुल २०१६ साली उभं राहिलं. २०११ मध्ये तिथे काय होतं? शेत असणार, किंवा मोकळं माळरान. गटाची हद्द त्या शेताच्या बांधावरून किंवा ओढ्याकाठच्या पायवाटेवरून गेलेली असणार, कारण जनगणनेच्या माणसाला खुणेला तेवढंच होतं. पुढे बांध गेला, पायवाट गेली, इमारती आल्या, पण आकड्यांसोबतची गटाची हद्द तीच राहिली. पंधरा वर्षांनी रचना करणाऱ्याने दोन गट दोन प्रभागांत टाकले आणि रेघ तुमच्या वाहनतळातून गेली. यात कुणाचा कावा असेलच असं नाही. शहरांच्या कडेच्या नव्या वस्त्यांत मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि इथेच तुमच्या अर्जातली राहिलेली ओळ येते. तुमच्या जागेची २०११ ची लोकसंख्या जवळजवळ शून्य होती. म्हणजे त्या दोन इमारती एका प्रभागातून दुसऱ्यात नेल्या तर दोन्ही प्रभागांच्या बेरजेत काहीच फरक पडत नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती बेरीज बिघडण्याची. एक प्रभाग हलला की शेजारचा हलतो, मग त्याच्या शेजारचा. तुम्ही अडीचशे सह्या दिल्यात, ऐक्य, सण, पाण्याची टाकी, सोसायटीची सभा सगळं लिहिलंत. पण ‘हा बदल केल्याने कोणत्याही प्रभागाची लोकसंख्या बदलत नाही, कारण हा भाग २०११ मध्ये मोकळा होता’ असं लिहिलं नाहीत. अधिकाऱ्याने नकाशा पाहिला, दोन गट वेगळे दिसले, आणि ‘लोकसंख्येचा समतोल राखण्यासाठी रचना योग्य’ असा शेरा मारून हरकत निकाली काढली. ती फेटाळताना त्याला फार विचार करावा लागला नसेल, कारण विचार करायला लावणारं कागदावर काही नव्हतं.

जिथे वस्ती जुनी असते तिथे गणित शून्याचं नसतं, तिथे देवाणघेवाण दाखवावी लागते. समजा एका प्रभागात ५१,२०० लोक आहेत आणि शेजारच्यात ५७,०००. पहिल्यातले चार गट, ३,१०० लोकांचे, दुसऱ्यात जायला हवेत. नुसते नेले तर पहिला ४८,१०० वर येतो, म्हणजे किमान मर्यादेच्या खाली, आणि दुसरा ६०,१०० वर, म्हणजे कमाल मर्यादेच्या वर. हरकत फेटाळली जाणार हे उघड आहे. पण दुसऱ्यातले १,४०० लोकांचे दोन गट पहिल्याला परत दिले, तर पहिला ४९,५०० आणि दुसरा ५८,७००. दोन्ही नियमात. अशी हरकत अधिकाऱ्याला आयता मसुदा देते. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पद्धत मात्र हीच. माझ्या नोकरीच्या काळात मान्य झालेल्या हरकतींपैकी बहुतेक अशाच होत्या, आणि त्यांतल्या काहींवर सही एकाच माणसाची होती.

पुण्यात २२ ऑगस्ट २०२५ ला प्रारूप रचना जाहीर झाल्यावर हजारोंनी हरकती आल्या. एवढ्या गर्दीत एकाच मजकुराच्या शेकडो प्रती एक हरकत म्हणूनच वाचल्या जातात. कष्ट वाया जातात याचं मला वाईट वाटतं, कारण लोक खरोखर धावपळ करतात. त्या सह्या गोळा करण्यातला अर्धा वेळ जरी गटांच्या यादीवर घालवला तरी फळ मिळण्याची शक्यता कितीतरी वाढेल.

आता मतदारांच्या विषमतेबद्दल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३त मध्ये लोकसंख्येची व्याख्या दिली आहे: लगतच्या पूर्वीच्या ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत ती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०२५ ची रचनाही २०११ च्या आकड्यांवर झाली. पुण्याची गोष्ट पाहा. रचनेसाठी लोकसंख्या धरली ३४,८१,३५९, लहान मुलांसकट. निवडणुकीच्या यादीत मतदारच ३५ लाखांच्या वर. मतदार लोकसंख्येपेक्षा जास्त! आणि ही वाढ शहरभर सारखी झालेली नाही. पेठांतली लोकसंख्या फारशी हललेली नाही, काही वाड्यांतून तर माणसं उठून उपनगरांत गेली. वाढ झाली ती कडेला, जिथे २०११ मध्ये शेतं होती. म्हणजे कागदावर दहा टक्क्यांत बसलेले प्रभाग प्रत्यक्षात एकमेकांपासून खूप लांब गेले आहेत, आणि दर वेळी तोटा नव्या वस्तीचाच होतो. तुमच्या भागातल्या एका मताचं वजन जुन्या शहरातल्या मतापेक्षा कमी आहे. तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती ऐकून घेण्याचा अधिकार सुनावणीच्या टेबलामागच्या माणसाला नव्हता.

इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांच्या सीमा ठरवणारा स्वतंत्र आयोग आहे. तिथेही कसोटी दहा टक्क्यांचीच, पण ते लोकसंख्या नाही, मतदार मोजतात, आणि आजचेच नाही तर पाच वर्षांनी किती होतील याचाही अंदाज धरतात. कुठे घरं मंजूर झाली आहेत हे परिषदेला माहीत असतंच. एखाद्या परिषदेत तीस टक्के प्रभाग दहा टक्क्यांच्या बाहेर गेले, किंवा एखादाच प्रभाग तीस टक्क्यांनी बाहेर गेला, तर पुनर्रचनेचा विचार सुरू होतो. आपल्या महापालिकांच्या बांधकाम परवानगी विभागात किती सदनिकांना भोगवटा पत्र दिलं याची नोंद असते, मालमत्ता कराच्या नोंदी असतात. त्या रचनेत वापरता याव्यात असं मला फार वर्षांपासून वाटतं. त्यासाठी कायदा बदलावा लागेल.

मुद्दाम केलं जातं का, या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. कधीकधी केलं जातं. दहा टक्क्यांच्या त्या मोकळ्या पट्ट्यात एकाच भागाच्या चार-पाच वेगवेगळ्या रचना बसू शकतात, सगळ्या नियमातच. त्यांतली कोणती निवडायची, इथे हात फिरतो. कच्चा आराखडा गोपनीय असावा असा आदेश असतो, पण एका वर्षी तो प्रसिद्ध होण्याच्या आठवडाभर आधीच गावात फिरत होता, आणि कुणाला कुठला रस्ता हवा, कुठला नको, याचे निरोप आमच्यापर्यंत येत होते. कुठले बदल शेवटच्या रात्री झाले हे आम्हाला दिसत होतं. शहराच्या मधला एक चौक विनाकारण ओलांडून रेघ पलीकडच्या दोन गल्ल्या उचलते आणि परत येते, असं दिसलं की समजावं.

यातली सगळ्यात खोल इजा मात्र वस्ती तोडण्याची असते, आणि तिच्याबद्दल सोसायट्यांच्या हरकतींइतकं बोललं जात नाही. अनुसूचित जातींसाठीच्या जागा कोणत्या प्रभागांत जातील हे त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीवर ठरतं. सर्वांत जास्त टक्केवारीच्या प्रभागापासून उतरत्या क्रमाने. नाल्याकाठची सहा हजारांची वस्ती एका प्रभागात ठेवली तर तो प्रभाग यादीत वर येतो. नाला ही नैसर्गिक सीमा आहे असं म्हणून ती मधून कापली, तर दोन्ही प्रभाग यादीत खाली घसरतात आणि जागा दुसरीकडेच जाते. कागदावर नियम पाळलेला, सीमा नैसर्गिक, बेरीज अचूक. एका सुनावणीत अशाच वस्तीतून दोघी बायका आल्या होत्या. अर्ज नव्हता, नकाशा नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नाल्याच्या दोन्ही काठांवर त्यांचीच घरं आहेत, पूर आला की दोन्हीकडे एकदमच पाणी शिरतं, मग दाद मागायला दोन वेगळ्या नगरसेवकांकडे का जायचं. आमच्यापैकी एकाने गटांचे आकडे काढून त्यांच्यासाठी तिथेच कागद केला, आणि तो बदल झाला. नियमाप्रमाणे ते आमचं काम नव्हतं. पण मी आजही म्हणते की ते असायला हवं. ज्यांच्याकडे संगणक, वकील, निवृत्त अभियंता काहीच नाही, त्यांना गटांची यादी आणि थोडी मदत महापालिकेनेच द्यायला हवी.

चार सदस्यांच्या पद्धतीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. नंतर एकचा कायदा झाला, मग तीनचा, आणि २०२२ मध्ये पुन्हा चार. मुंबईत मात्र एकाचाच प्रभाग राहिला, २२७ जागा. तिथेही २३६ करायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७ झालं. एवढ्या वेळा बदल झाल्यावर मतदाराला आपल्या प्रभागाची ओळखच राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: चारचा प्रभाग फार मोठा होतो. पुण्यात सरासरी ८४ हजारांवर लोकसंख्या, तीही २०११ ची. आजच्या हिशेबाने तेवढ्या घरांपर्यंत पायी पोचणं पक्षाच्या यंत्रणेशिवाय कुणालाही जमत नाही. दहा हजारांची एकजूट वस्ती एकाच्या प्रभागात स्वतःचा माणूस निवडून आणू शकते. चारच्या प्रभागात चारही जागांना सगळा प्रभाग मत देतो, त्यामुळे ती वस्ती चारही जागांवर अल्पसंख्य ठरते. दुसरी बाजूही आहे, ती नाकारत नाही. एकाच्या प्रभागात आरक्षणाची सोडत निघाली की चांगलं काम केलेल्या माणसाला एका चिठ्ठीने प्रभाग सोडावा लागतो. चारमध्ये निम्म्या जागा महिलांच्या असतात, राखीव आणि सर्वसाधारण जागा शेजारी शेजारी असतात, म्हणून तो धक्का कमी बसतो. तरीही मला विचाराल तर दोनपेक्षा जास्त नकोत.

रेघ ओढतं कोण, हेही बदललं आहे. मी काम केलं तेव्हा महापालिका आयुक्त आराखडा करत आणि राज्य निवडणूक आयोग त्याला मंजुरी देई. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन रचनेचा अधिकार राज्य सरकारकडे आला. आता आराखडा नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे जातो. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांच्या हातात सीमा नसाव्यात. केरळमध्ये स्थानिक संस्थांसाठी वेगळा परिसीमन आयोग असतो आणि त्याचे अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त असतात. तसं काही आपल्याकडे व्हायला हवं.

न्यायालयात जाण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला आहे. अनुच्छेद २४३यछ प्रमाणे प्रभागांची आखणी आणि प्रभागांना जागा वाटून देणं यांच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. प्रक्रियाच पाळली नाही, हरकती ऐकल्याच नाहीत, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. नुसती रेघ चुकली म्हणून निवडणूक थांबत नाही. पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे चाकं हलली. एवढ्या विलंबानंतर सीमेच्या वादासाठी आणखी थांबायची कुणाची तयारी नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

एक गोष्ट तपासा. प्रभाग रचना आणि मतदार यादी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विधानसभेची यादी फोडून प्रभागांच्या याद्या करतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. फोडताना यादीचा एखादा भाग चुकून शेजारच्या प्रभागात टाकला जातो. अंतिम अधिसूचनेतलं तुमच्या प्रभागाचं हद्दीचं वर्णन काढा, त्यात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी रेघ शब्दांत लिहिलेली असते, आणि ती घेऊन प्रत्यक्ष चालत जा. दोन इमारती वर्णनाप्रमाणे तुमच्याच प्रभागात असतील आणि फक्त यादीत दुसरीकडे असतील, तर चूक यादीची आहे आणि ती प्रारूप मतदार यादीवरच्या हरकतीत दुरुस्त होते. त्यासाठी प्रभाग रचनेची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या निवडणुकीची तयारी मात्र जनगणनेपासूनच करा. घरयादी २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे. तेव्हाचे गट पुढच्या प्रभागांच्या विटा असतील. संकुलातलं एकही घर घरयादीतून सुटता कामा नये. भाडेकरू, रखवालदाराचं कुटुंब, बांधकामावरची वसाहत, सगळी घरं मोजली गेली पाहिजेत. प्रगणकाला संकुलाची सगळी प्रवेशद्वारं दाखवा, आणि कुठल्या इमारती कुठल्या गटात गेल्या हे त्याला विचारून सोसायटीच्या दप्तरात लिहून ठेवा.

मग प्रारूप रचना आली की अर्ज एका पानाचा करा. वर प्रभाग क्रमांक आणि हद्दीच्या वर्णनातली ज्या ओळीला हरकत आहे ती ओळ. खाली कोणते गट हलवायचे, त्यांची लोकसंख्या, हलवण्याआधी आणि नंतर दोन्ही प्रभागांची बेरीज, आणि दोन्ही मर्यादेत आहेत हे स्पष्ट वाक्यात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या आकड्यांत काय फरक पडतो तेही लिहा, कारण अधिकारी ते पाहणारच. सोबत नकाशाची प्रत, सध्याची रेघ लाल, मागणीची हिरवी. शेजारच्या प्रभागातल्या एखाद्या सोसायटीची संमती मिळाली तर ती जोडा. सुनावणीला एकानेच बोला, आणि निर्णयाची कारणासहित प्रत लेखी मागून घ्या.